पिठाचा डबा आणि ऊर्जेचा नियम

माझ्या आवाजाने माणसाला छान झोप लागते. बायको हे कौतुकाने सांगते, आमचे प्राचार्य काळजीने.

मी परळच्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवतो. कॉलेजने माझा एक मोफत ऑनलाइन कोर्स सुरू केला होता. देशभरातून हजारोंनी नावं नोंदवली, पण व्हिडिओ जेमतेम सुरू झाला की मुलं पळ काढायची. शेवटी प्राचार्य म्हणाले, "सर, रविवारचं लाइव्ह लेक्चर बघतो. तेही असंच गेलं तर कोर्स बंद."

मग ठरवलं, घरातूनच प्रयोग करून दाखवायचा. नायगावला बीडीडी चाळीतल्या आमच्या खोलीत छताला पाळण्याची कडी आहे. तिला दोरीने पिठाचा मोठा डबा टांगला. झाला लंबक. तो हनुवटीला टेकवायचा आणि ढकलायचा नाही, नुसता सोडायचा. आपोआप ऊर्जा वाढत नसल्यामुळे तो परत येताना सोडल्या जागेच्या पुढे येऊच शकत नाही. भिंतीला पाठ लावून स्थिर उभं राहिलं की तोंड शाबूत. (स्थिर हा शब्द महत्त्वाचा.)

बायको सायली समोर मोबाइल धरून उभी. आई बाजारात.

"मित्रांनो, विज्ञानावर विश्वास ठेवा," असं म्हणून मी डबा सोडला.

डबा पलीकडे गेला आणि नेमकी आई दार ढकलून आत आली. "बाबल्या, माझो पिठाचो डबो खंय?"

वय काहीही असो, आईने या सुरात हाक मारली की मी पुढे होतो. झालो. डबा हनुवटीवर बसला, झाकण उडालं आणि मी नखशिखान्त तांदळाच्या पिठात न्हालो.

"बंद कर," मी कुजबुजलो.

"लाइव्ह आहे," सायली म्हणाली. हसून हसून तिचा हात हलत होता, पण मोबाइल काही खाली गेला नाही.

आई कॅमेऱ्यासमोरच येऊन उभी राहिली. "वड्यांचा पीठ होता मेल्या. संध्याकाळी जावई येतले. तेंका काय फिजिक्स वाढू?"

"आई, नियम बरोबर होता. मी हललो."

तेवढ्यात सायली स्क्रीनकडे बघत म्हणाली, "अरे, कोणी जात नाहीये. उलट येतायत. विचारतायत, पुन्हा दाखवणार का?"

पुन्हा! हनुवटी सुजायला लागली होती आणि माझा विज्ञानावरचा विश्वास रजेवर गेला होता. तरी पिठाच्या जागी तांदळाचा डबा टांगला, झाकण ओढणीने करकचून बांधलं आणि भिंतीला टेकलो. हातातून डबा सुटेना.

"सर बाजूक," आई म्हणाली. "माका लागाचो नाय ना? नक्की सांग."

"हलली नाहीस तर नाही."

"फिजिक्सच्या मास्तराची आवस मी. कशाक हलतंय?"

तिने पदर खोचला, डबा नाकाला टेकवला आणि सोडला. डबा गेला, वळला, सुसाट परत आला. मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा तो तिच्या नाकाशी थबकून माघारी निघाला होता. आईची पापणीही लवत नव्हती. दारात जमलेल्या शेजाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मग प्रश्नांचा पाऊस पडला. ढकलला असता तर? चंद्रावर काय झालं असतं? मी पांढऱ्याफटक अवतारात उत्तरं देत राहिलो आणि आयुष्यात पहिल्यांदा कोणी झोपलं नाही. मध्येच जावई आले, तेही ऐकत बसले. वडे मिळाले नाहीत हे त्यांना निघताना आठवलं.

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांचा फोन आला. कोर्स चालू राहणार होता आणि पुढचा भागही मंजूर झाला होता. मी दिवसभर कॉलेजात छाती काढून फिरलो.

त्यानंतर एकदा आईबरोबर शिवाजी पार्कला गेलो होतो. एक मुलगी धावत आली. "आजी, तुमच्यामुळे मला लंबक कळला. एक फोटो काढू?" आणि तिने मोबाइल माझ्या हातात दिला. "काका, प्लीज."

काढला. आईने तो त्याच दिवशी नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं होतं : 'माझी विद्यार्थिनी. फोटो : बाबल्या.'