मामीचा लाल ठिपका

मामीनं एक शिवी हासडली की मेलेली मोटरसुद्धा उठून बसते, अशी गल्लीभर वदंता आहे. ती साफ खोटी आहे. मोटरीला मामी कधी उलट शब्द बोलत नाही. शिव्या असतात त्या मोटर घेऊन येणाऱ्यांना, आणि त्यांच्या नकला करते मी, तिची भाची.

जिन्याखालचं मोटरा भरायचं दुकान आजोबांचं, म्हणजे मामीच्या सासऱ्यांचं. त्यांचे हात कापायला लागल्यावर जळकी तार उपसून नवी भरायचं काम तिनं उचललं. सात वर्षं झाली. मोटर भरून झाली की झाकणाच्या बोल्टावर ती लाल वार्निशचा ठिपका देते. ठिपका अख्खा तोवर जबाबदारी तिची. स्वतःचा ठिपका स्वतः फोडायची वेळ तिच्यावर कधी आली नव्हती.

मग एका सकाळी लाँड्रीचे मालक मोटर परत घेऊन दारात हजर. कपडे पिळायच्या मशीनची मोटर, चारच दिवसांपूर्वी भरून नेलेली.

"म्हणजे कसं आहे ना ताई, बटण दाबलं की नुसतं हूंऽऽ करते. चाक हातानं ढकललं की मग उठते."

"हात नकोसा झालाय का तुम्हाला?"

"म्हणजे कसं आहे ना, भरणं कच्चं राहिलंय. काकांच्या वेळी असं नव्हतं."

मामीनं मोटर बाकावर ठेवून वायर जोडली. बटण दाबताच ती झटक्यात सुटली. तीनदा बंद केली, तीनदा सुटली.

"इथे शहाण्यासारखी वागते हो," मालक म्हणाले. "उघडा, आत बघा. नाहीतर आम्हा सहा लाँड्रीवाल्यांचं काम मी पलीकडच्या दुकानात नेतो."

सहा लाँड्र्या म्हणजे दुकानाचा अर्धा जीव. आतल्या खाटेवरून आजोबा म्हणाले, "उघड गं. गिऱ्हाईक तोडू नये."

"उघडली की चूक माझी ठरली, बाबा. आणि चूक माझी नाही." मामीनं पिशवीत मीटर आणि नवा कंडेन्सर टाकला. "चला, मशीन दाखवा."

मीही मागोमाग निघाले. लाँड्रीत गेल्यावर कळलं की मशीन त्याच आठवड्यात पुढच्या खोलीतून मागच्या खोलीत हलवली होती. हे सांगायचं मालकांना सुचलं नव्हतं. मोटरीला खोलीशी काय देणंघेणं?

मामीनं मोटर बसवली, पण मशीनचं ओझं नको म्हणून पट्टा चढवलाच नाही. चाक हातानं फिरवलं, लोण्यासारखं फिरलं. मोटरीला सुटताना धक्का देणारा कंडेन्सर बदलून बटण दाबलं.

हूंऽऽ.

तिनं लगेच बंद केलं.

"मोटरच लेचीपेची," दारातून मालकांचा मेहुणा म्हणाला. "बाईमाणसाचं काम."

"तू माझ्याकडे नको बघू, दिव्याकडे बघ," मामी म्हणाली आणि पुन्हा बटण दाबलं. भिंतीवरचा दिवा पेंगायला लागला. मीटरच्या काड्या मोटरीच्या टोकांना लावल्या. बंद असताना दोनशे पंचवीस व्होल्ट, बटण दाबताच दीडशे.

"ही जोडणी कुणी केली?"

मेहुण्याला एकदम छतात काहीतरी दिसलं. नवी तार ओढायचा कंटाळा करून पठ्ठ्यानं मशीन दिव्याच्याच बारीक तारेला जोडली होती, आणि ती तार दोन खोल्या वळसा घालून आली होती.

"सुटताना मोटर घटाघटा वीज पिते," मामी मालकांना म्हणाली. "तुम्ही तिला थेंब थेंब पाजता, आणि वर म्हणता अंगात ताकद नाही."

जाड तार मागवून, मेन स्विच बंद करून तिनं ती थेट बोर्डापासून ओढली. मोटर सुटली, पट्ट्यासकट, ओल्या चादरींसकट. ठिपका जागच्या जागी.

मालक पाकीट काढायला लागले. मामीनं हात आडवा धरला.

"ते नंतर. आधी जे माझ्या दुकानात म्हणालात, ते माझ्या दुकानात येऊन मागे घ्या. बाबांच्या समोर."

मालक बघतो, करतो, म्हणाले. हा माणूस जन्मात यायचा नाही, अशी मी मामीशी पैज लावली. हरले तर अख्खा रविवार कुणाचीही नक्कल न करता स्वतःच्या आवाजात बोलायचं.

शनिवारी संध्याकाळी मालक आले. चपला काढून खाटेजवळ उभे राहिले.

"म्हणजे कसं आहे ना काका, सूनबाईंचं भरणं पक्कं आहे. चूक आमच्या तारेची."

"मला काय सांगता," आजोबा म्हणाले. "दुकान तिचं आहे, तिला सांगा."

त्यांनी तिलाही सांगितलं. मामीनं तारेवरची नजर न काढता मान हलवली. मग मला म्हणाली, "उद्या रविवार."