वखारीतला पितळी लोटा

दत्तोबांची व माझी ओळख पाण्यामुळे झाली. हैदराबादच्या गौलीगुड्यात ते ज्या वखारीत लाकडे फोडीत, तिच्या मागेच आमचे घर होते. संध्याकाळी काम संपले की ते आमच्या आडावरून पितळी लोटा भरून नेत. दिवसभर कुऱ्हाड चालवून अंग ठणके, म्हणून त्यांना अफूची सवय लागली होती. ती सुटावी, एवढीच त्यांची इच्छा होती.

वखारीत ओंडक्यांवर दत्तोबा धरून तिघे बसत. शाळामास्तर नामदेवराव आणि टांगेवाले गफूरमियाँ, या दोघांनी शिंदी पिणे सोडलेले होते. तेथे शपथा नव्हत्या, उपदेश नव्हता. लोटा हातोहात फिरे. ज्याचा दिवस निभावला असेल, तो ओठ न लावता घोटभर पाणी पिई. ज्याचा पाय घसरला असेल, तो लोटा तसाच पुढे देई. कारण कोणी विचारीत नसे. मात्र दुसऱ्या दिवशी लोटा त्याच्यापासून सुरू होई.

मी आडावरून पाहत असे. सोनेरी भुसा हवेत तरंगे, ओल्या सागाचा वास येई, आणि उंच धरलेल्या लोट्यातून पडणारी पाण्याची धार मला स्वप्नातल्यासारखी वाटे.

“क्या दत्तोबा, पूरी बावडी पीते क्या?” गफूरमियाँ विचारीत.

“तुमच्या घोड्यापुरतं ठेवतो की!” दत्तोबा म्हणत.

सन १९४८ च्या सप्टेंबरात पोलिस ॲक्शन झाली, निजामाचे राज्य गेले. करफ्यू लागला, वखार बंद झाली. आमच्या डाव्या हाताला नामदेवराव व गफूरमियाँ शेजारी शेजारी राहत, उजव्या हाताला दत्तोबा. गच्च्या एकमेकींना लागून होत्या. नामदेवरावांनी कठड्यावरून हाक मारली, “वहिनी, हा लोटा दत्तोबांना पोचवाल का?”

त्या दिवसांत कोण कोणाकडे कोणत्या नजरेने पाहील, याचा भरवसा नव्हता. लोटा मात्र मास्तरांकडून गफूरमियाँकडे, तेथून माझ्याकडे आणि माझ्याकडून दत्तोबांकडे जाई. खाली रस्ते निपचित पडलेले असत. वर पारवे फिरत, आणि सारे शहर तळ्याच्या तळाशी झोपले आहे असा मला भास होई.

एके संध्याकाळी दत्तोबांनी लोटा घेतला, पण तो तोंडाकडे उचलला नाही.

“कोनाड्यात अफूची जुनी गोळी सापडली, वहिनी. दुपारी खाल्ली.”

मला त्यांची दया आली. मी म्हणाले, “येथे माझ्याशिवाय कोणी नाही. प्या. मी बोलणार नाही.”

“मग उद्या कोणत्या तोंडानं वर येऊ?” असे म्हणून त्यांनी भरला लोटा माझ्या हाती दिला.

मी तो गफूरमियाँकडे परत नेला. त्यांनी त्याचे वजन हातात जोखले आणि तो मास्तरांकडे दिला. मास्तर फक्त “बरं” म्हणाले.

दुसऱ्या संध्याकाळी मास्तरांनी लोटा भरला आणि स्वतः न पिता पाठवला. गफूरमियाँही प्याले नाहीत. मी उजव्या कठड्याशी गेले. गच्चीवर कोणी नव्हते. लोट्यातल्या पाण्यात आभाळ लाल झाले, मग जांभळे झाले. माझे हात भरून आले, तरी मी तो खाली ठेवला नाही. कारण आदल्या दिवशी निरोप घेताना दत्तोबा मला म्हणाले होते,

“वहिनी, उद्या लोटा आधी माझ्याकडे आणा. मला उशीर झाला तर थोडं थांबा.”