चौथ्या गाण्यापासून

लातूरला सकाळची बॅच संपवून फळा पुसत होतो, तेव्हा अन्वरचा फोन आला. अन्वर म्हणजे नांदेडच्या सलीमभाईंचा धाकटा भाऊ. तो एरवी मला फोन करत नाही, म्हणून नाव दिसताच फळा अर्धाच सोडून फोन उचलला. "सर, भाई गेले," एवढंच तो म्हणाला. हैदराबादच्या दवाखान्यातून त्यांना घेऊन निघाले होते... पुढच्या बॅचची पोरं येऊन बसायला लागली, तरी मी हातात डस्टर घेऊन उभाच. सगळ्यात आधी आठवला तो मी त्यांना पाठवलेला शेवटचा मेसेज. दुपारी नांदेडला जाऊन मातीही देऊन आलो, आता कित्येक आठवडे उलटले, पण तो मेसेज काही डोक्यातून जात नाही.

सलीमभाईंचं गाड्यांत टेप बसवायचं दुकान. मी तेव्हा नांदेडला शिकवायचो. जुनी गाडी घेतली आणि टेप बसवायला त्यांच्याकडे गेलो. टेप बसवला की दुकानदार काचा हादरतील असं ढॅणढॅण गाणं लावून दाखवतात. यांनी लावलं ते शिलाँगकडच्या कुठल्याशा पोरांचं संथ गाणं. कोणत्या सिनेमातलं, म्हणून मी विचारलं. "सिनेमा न्हाई अन् कंपनीबी न्हाई. पोरांनी खोलीत बसून केलं, अन् स्वतःच काढलं. हैदराबादच्या एका दोस्तानं सांगितलं मला." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "हे त्यांच्या अल्बमातलं चौथं गाणं हाय, मास्तर. पहिली तीन कुणीबी चांगली करतंय. दम चौथ्यात कळतो." टेस्टिंगला ते कायम चौथंच लावायचे.

दुकानाच्या मागच्या अंगाला त्यांनी एका भंगारातल्या जीपची सीट जमिनीवर मांडली होती, आणि समोर फळीवर दोन स्पीकर. तिथं शेजारीशेजारी बसून, भिंतीकडे तोंड करून आम्ही अख्खे अल्बम ऐकले. गाणी चालू असताना बोलायचं नाही. संपली की चहा, आणि चहाबरोबर मत. मी लातूरला आल्यावर गाण्यांच्या लिंका फोनवर येऊ लागल्या, पण मत फोनवर चालायचं नाही. "फोनवर समदेच मस्त म्हणतात. तोंड बघून सांगायचं," हा त्यांचा नियम. म्हणून मी सुट्टी मिळाली की नांदेड गाठायचो. बायको म्हणायची, माझ्या माहेरी इतक्या फेऱ्या मारल्या असत्या तर आबा धन्य झाले असते.

एकदा मात्र या वेडानं त्यांना चांगलंच गोत्यात आणलं. बिलोलीकडच्या एका नवरदेवाच्या गाडीत टेप बसवला आणि टेस्टिंगचा पेनड्राइव्ह आतच विसरला. वरात निघाली, पोरं नाचायला सरसावली, आणि सुरू झालं काय, तर एकट्या गिटारीवर कुणीतरी हळूहळू गातंय. दुसऱ्या दिवशी नवरदेवाचा बाप दुकानात हजर. "आमच्या पोराची वरात व्हती का मयत? काय रडगाणं लावलं हो!" सलीमभाईंनी शांतपणे विचारलं, "कितव्या गाण्यापर्यंत ऐकलं तुम्ही?" तो माणूस आधी भडकला आणि मग हसत सुटला. चहा पिऊनच गेला म्हणे.

मी सुचवलेलं मात्र त्यांना कधी पुरतं पसंत पडलं नाही. "चांगलं हाय, पण..." असं म्हणायचे, आणि त्या 'पण'नंतर चहा गार होईपर्यंत बोलत राहायचे. खरं सांगतो, मी त्या 'पण'साठीच जायचो. यंदा माझ्या जुन्या विद्यार्थ्यांनी, लातूरच्या चार पोरांनी, अल्बम काढला. आमच्याच क्लासच्या रिकाम्या खोलीत, भिंतींना गाद्या लावून रेकॉर्ड केलेला, आपल्या बोलीतली गाणी असलेला. मला तो फार आवडला आणि मी मोठ्या तोऱ्यात सलीमभाईंना पाठवून दिला. काही दिवसांनी त्यांचा मेसेज आला, "ऐकला मास्तर. आता सांगू का?" मला हसू आलं. नियम यांचा, आणि हेच मोडून राहिले! मी लिहिलं, "नियम म्हणजे नियम, उस्ताद. भेटल्यावर." त्यावर त्यांनी फक्त "बरं" लिहिलं.

ते "बरं" दवाखान्यातल्या खाटेवरून आलं होतं, हे मला अन्वरनं मातीच्या दिवशी सांगितलं. "मास्तर परीक्षेच्या गडबडीत हायेत, त्यांना कशाला घोर," असं भाईंनी बजावून ठेवलं होतं. मला त्यांचा राग आला, अजूनही येतो. मतासाठी तोंड बघायला लावणाऱ्या माणसानं दुखणं तेवढं लपवावं! पण रागाच्या मागून हळहळ येतेच. "सांगा की" असं नुसतं लिहिलं असतं, तर त्यांचा आवाज ऐकायला मिळाला असता...

चाळिसाव्याला पुन्हा नांदेडला गेलो. फातेहा झाली, जेवणं झाली. उमरीचं एक गिऱ्हाईक गाडी घेऊन ताटकळलं होतं, म्हणून अन्वरनं दुकान उघडलं. मी मागं जाऊन जीपच्या सीटवर बसलो. बाहेर टेप जोडून झाला, गाणं लागलं, आणि मी ताडकन उठलो. लातूरच्या पोरांचं होतं. चौथं.

"हे कुणी लावलं?" मी बाहेर येऊन विचारलं.

"भाईंनीच सांगितलं, सर. दवाखान्यातून फोन केला, म्हणले टेस्टिंगला आता हेच लावत जा."

म्हणजे आवडलं होतं! इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मला रडू फुटलं. गिऱ्हाईक बिचारं गोंधळलं. "दुसरं लावा की, याला बेसच न्हाई," असं ते म्हणालं. "पुरं ऐका तर," अन्वर बोलला, अगदी भावाच्या सुरात. मी पुन्हा मागं जाऊन सीटवर बसलो, सवयीनं माझ्याच बाजूला, त्यांची जागा सोडून. गाणं संपलं. अन्वरनं चहा आणून ठेवला. तो गार होईपर्यंत मी त्यांच्या 'पण'ची वाट बघत बसून राहिलो.