सर्व्हरला आराम

"नव्वद टक्के मेमरी! काऊन हो साहेब, फुटणार तं नाही ना हे?" पटलेजी स्क्रीनला बोट लावून विचारत होते.

बाहेर व्हरांड्यात केशोरी, अर्जुनी अशा लांबच्या गावांहून पहाटेच निघालेली पोरं उभी. अकराला त्यांची ऑनलाइन परीक्षा. आधीच्या दोन्ही सरावांत निम्म्यांचं लॉगिनच झालं नव्हतं. आज तसं झालं तर केंद्र रद्द, पोरांचं वर्ष बुडालं, असं निरीक्षक मॅडमनी बजावलं होतं.

पटलेजी या कॉलेजचे सेक्रेटरी. मूळ धंदा राइस मिलचा. मी गोंदियातला त्यांचा कॉम्प्युटरवाला. संशय डिरेक्टरी सर्व्हरवर होता. हा म्हणजे फाटकावरचा चौकीदार. कोण आपला, कुणाचा पासवर्ड बरोबर, हे सगळ्या कॉम्प्युटरना तोच सांगतो. तो बसला की कुणीच आत जात नाही.

घरी टीव्ही अडो की मिक्सर, मी आधी बंद करून चालू करतो. बायको म्हणते, तुमचं इंजिनिअरिंग तेवढंच. आताही हात शिवशिवत होते. पण मॅडम पाठीमागे उभ्या. निदान तपासल्यासारखं करणं भाग होतं.

टास्क मॅनेजर उघडला. मेमरी खाणारा चौकीदारच निघाला. पण आकडा वाढत नव्हता. डिस्कही शांत. एका मशीनवरून लॉगिन करून पाहिलं, झटकन झालं. मी जास्तच घाबरलो. दिसलेला बिघाड दुरुस्त तरी करता येतो.

तेवढ्यात पटलेजींचा अंगठा सर्व्हरच्या बटनाकडे गेला.

"अहो, काय करता?"

"आराम देऊन राहिलो. मिलमधी मोठा लॉट घ्यायच्या आधी मोटरले आराम देतोच ना आपण?"

"सरावाच्या दिवशीही दिला?"

"दोन्ही डाव. पोरं बसायच्या आधी, बटन दाबून धरून. दुसऱ्याच्या भरोशावर नाही सोडलं."

मी त्यांचं मनगटच धरलं. एरवी त्यांच्यापुढे मी खुर्चीला पाठही टेकत नाही.

मेमरी मोकळी असली की हा सर्व्हर सगळ्यांची माहिती जवळ घेऊन बसतो, पटकन उत्तर देता यावं म्हणून. दुसऱ्या प्रोग्रामला जागा लागली तर सोडतो. तो आजार नव्हे, तयारी. बटन दाबून पाडला की ती तयारी जाते. उठल्यावर तो आधी स्वतःच्या फायली धड आहेत का ते तपासतो, आणि नेमकी तेव्हाच सगळी पोरं दारात. म्हणूनच दोन्ही सरावांत निम्मी बाहेर राहिली.

"बंद करायचा नाही, नक्की?" मॅडमनी विचारलं.

"नक्की," मी म्हणालो.

अकरा वाजले. पटलेजी हात पाठीमागे बांधून उभे. पहिली रांग आत गेली. दुसरीही. शेवटच्या मशीनवर एका मुलीचं लॉगिन अडलं. मी वाकून पाहिलं, तिचं कॅप्स लॉक चालू होतं. ते काढलं. पेपर उघडला.

बाहेर येताच पटलेजी म्हणाले, "मंग तुमी केलं काय?"

"काहीच नाही."

"तं बलावलं कायले तुमाले?"

"तुमचा हात धरायला."

त्या बटनावर आम्ही पुठ्ठा चिकटवला. आकडा मोठा दिसला की आधी काम अडलंय का ते पाहावं, एवढं मी त्या दिवशी शिकलो. घरच्या मिक्सरला मात्र अजून तोच जुना उपाय आहे.