चढावर मागे कोण बसतं

हे बघ, ओरडून ओरडून माझा घसा बसला. पंपघरानं तुझे अर्धे कान खाल्ले आणि उरलेले तू स्वतःच बंद केलेस, म्हणून लिहितेय. नीट वाच, घडी करून खिशात कोंबू नकोस. तू शाळेत असताना मी वहिनी म्हणून या घरात आले. तुला अहो-जाहो करणं तेव्हा जमलं नाही, आता तर मुळीच जमायचं नाही.

तुझा सगळा जन्म त्या टेकडीवर गेला. सकाळी मोटरसायकलला किक मारायची, वर टाकीशी जायचं, पंप बंद करायचा, मोठं चाक फिरवून खालच्या वस्तीला पाणी सोडायचं. पंप कुठे कुरकुरतोय ते तू भिंतीला तळहात लावून ओळखायचास. लग्न केलं नाहीस. पाण्याला उशीर झाला की नळावरच्या बायका विचारायच्या, "काय पाणीवाले, मुलगी बघायला थांबला होतात का?"

"थांबलो होतो ना. तीही बादली घेऊन भांडायलाच उभी होती."

उशीर व्हायचा तो गाडीपायी. चढावर ती धापा टाकायची. तुझ्या दादानं तेव्हाच सांगितलं होतं, इंजिनाचा ब्लॉक लेथवाल्याकडे ने, आतलं भोक वाढवून घे, मोठा पिस्टन टाक, गाडी सुसाट चढेल. तू नाही म्हणाला नव्हतास. पण नवा पिस्टन बसवला की सुरुवातीला गाडी जपून, हळूहळू चालवावी लागते. "ऐन उन्हाळ्यात लोक पाण्यावाचून बसलेत आणि मी रांगत जाऊ का? उन्हाळा सरू दे," म्हणालास. त्यात तुझं काय चुकलं होतं?

उन्हाळा सरायच्या आत दादाच्या छातीत कळ आली. दवाखाना टेकडीपलीकडे, दारात दुसरं वाहन नाही. मी त्याला तुझ्या मागे बसवलं आणि चादरीनं तुम्हा दोघांना कमरेशी आवळून बांधलं. चढावर तू मूठ पिळत राहिलास, गाडी रांगत राहिली. पोचलास तेव्हा तो तुझ्या पाठीशी होता, पण नव्हता.

डॉक्टरीणबाईंनी मला स्पष्ट सांगितलं, पायथ्याशीच संपलं असणार, विमान असतं तरी उपयोग नव्हता. मी ते तुला सांगितलं. परत परत सांगितलं. तू शांतपणे विचारलंस, "मग वहिनी, वळणावर माझ्या डाव्या खांद्यात हनुवटी कुणी रुतवली?"

मी विज्ञान शिकलेली बाई. म्हटलं, "मान कलंडली असेल."

"चढावर मान मागे पडते वहिनी, पुढे नाही."

 

तेव्हापासून तू एकटा असलास तरी त्या वळणावर गाडी जड व्हायची. मी करवादले, "अरे, पिस्टनच्या रिंगा झिजल्यात! इंजिन वाढवून घे आणि मोकळा हो." तू मोठा पिस्टन आणलासही. आणि डबा मांडीवर घेऊन बसून राहिलास.

"वहिनी, ती सुसाट चढली तर? म्हणजे तेव्हाही चढली असती."

"आणि नाही चढली तर?"

"तर तो मागे आहेच."

शेवटी एकदा ब्लॉक उतरवलास, पिशवीत घातलास. म्हणालास, "बाजारात जाताय तर लेथवाल्याकडे टाका." मी चपला घालतेय तोवर पिशवी हातातून काढून घेतलीस. "आज नको." गाडी अंगणात तशीच, ब्लॉकच्या जागी फडकं कोंबलेलं. तू टेकडी पायी चढायला लागलास. पाणी आणखी उशिरा येतं, बायका आणखी बोलतात, तुला काय, ऐकू येत नाही.

काल मी तुझ्या मागोमाग आले. तुला पत्ता नव्हता. वळणाशी तू थांबलास. डावा खांदा जरा खाली केलास, कुणाला हनुवटी नीट टेकता यावी तसा, आणि चालू लागलास. माझ्या अंगावर काटा आला. आणि खोटं कशाला बोलू, तुझा हेवाही वाटला. मला तर तो कधीच भेटला नाही.

पायी गेलास तरी तो येतोच, मग त्या इंजिनाचा गुन्हा कुठला रे? आणि तुझा तरी कुठला?

पिशवी दारामागच्या खिळ्याला आहे. पिस्टनचा डबाही मीच तिच्यात टाकलाय. बाजाराला निघताना मी ती काढते, तुझ्यासमोर धरते. तू मान हलवतोस. मी परत अडकवते.

आजही अडकवली.