माही पोरगी, माहा आवाज अन् खो-खोची दोरी

मी दोरीच्या बाहेर कायले उभा राहू, सर? आत खेळून राहिली ती पोरगी माही आहे! अन् आवाजाचं म्हणसान तं माहा आवाज बाहेरूनही तेवढाच येते!

खो-खोचे सर इथं चहाच्या टपरीवर नाहीत, मालूम आहे मले. म्हणूनच तुले सांगून राहिलो, देवा. तू माहा साळा, माह्या पायलचा मामा आहेस, चूपचाप आईक. पोरगी खो-खो खेळाले लागली तवापासून दर शनिवार-इतवारी एक किस्सा होते. धानाच्या पुंजण्यावानी ढीग लागला, अन् सगळ्याच्या बुडाशी मीच!

पयल्या मॅचले आम्ही करडी गावावरून फटफटीनं भंडाऱ्याले गेलो. मी कबड्डीतला माणूस. पाहतो तं आपली पायल रांगेत उकिडवी बसून, अन् दुसऱ्या टीमची पोरगी तिच्या नाकासमोरून आरामात पळून राहिली! मी बोंबललो, "पायल, बसली काय? ऊठ, पकड तिले!"

उठली. शिट्टी! फाऊल!

म्हणे, मांगून 'खो' भेटल्याशिवाय उठता येत नाही. मी पंचाले म्हटलं, "आमच्या धानात डुक्कर घुसलं तं आम्ही खोची वाट पाहतो का?"

दुसऱ्या मॅचले 'ऊठ' म्हटलंच नाही. पायल पळून राहिली, अन् जिले धराचं ती तिच्या मांगंच राहून गेली. मी फक्त एवढंच म्हटलं, "मांगं फिर!" फिरली. शिट्टी! एका बाजूनं निघालं की परत फिराचं नाही म्हणे. चोर मांगं अन् पोलीस समोर, असा कोणता खेळ आहे बाप्पा?

मंग ठरवलं, तोंड बंद, हातानं काम करू. तुह्या बहिणीनं, संगीतानं, डब्बाभर आलूभात केला होता. मॅचच्या आधी निळ्या टीशर्टवाल्या पोरी दिसल्या. बसवल्या सावलीत अन् वाढला. "अजून घे ना बाई, पळा लागते!" मैदानात उतरल्यावर समजलं, आपल्या पोरींचा निळा वेगळा होता!

संगीता म्हणे, "अवो, दुसऱ्याचीच टीम जेवू घातली तुम्ही!"

पण एवढा आलूभात खाऊन कोणाच्यानं पळणं होते? आपण जिंकलो! सर हात जोडून म्हणे, "भाऊ, तुम्ही असंच डब्ब्याचं पाहत जा, खेळाचं आमच्यावर सोडा." हा मान होता का अपमान, मले आजपरेंत समजलं नाही.

त्याच खुशीत दुसऱ्या दिवशी कोक्याच्या जंगलात गेलो. गाईड हळूच म्हणे, "बिबट." संगीताले दिसला, पायलले दिसला. मलेच दिसेना! "कुठं आहे? अरे, कुठं?"

गाईड म्हणे, "भाऊ, तुमच्या पयल्या 'कुठं'परेंत तिथंच होता."

घरी आल्यावर पायल म्हणे, "बाबा, मॅचले ओरडान तं येऊच नका."

बरं! परवा सेमीफायनलले गेलो. दोरीच्या बाहेर उभा राहिलो, दुपट्ट्याचं टोक तोंडात कोंबून. एक शब्द नाही! सर लय खुश. पण पायल काय करून राहिली? पळे, अन् माह्याकडे पाहे. पळे, अन् पाहे. शेवटी पाहता पाहताच आऊट झाली. बाकीच्या पोरींनी कशीबशी मॅच काढली.

मले वाटलं, आता म्हणन, शाबास बाबा. घरी आली, बॅग फेकली, डोळे भरलेले. म्हणे, "एक आवाज नाही? मंग तुम्ही आले कायले?"

इतवारी फायनल आहे, देवा. सर म्हणते चूप राहा. तिनंच सांगतलं चूप राहा. अन् चूप राहिलो तं रडते! मी विचाराले गेलो की दार लावून घेते.

तो चहा ठेव खाली. ऊठ. माह्या घरी जा अन् तिले विचारून ये, बोंबलू का चूप राहू!