चारशे खुर्च्यांचा अंदाज

"नाथाभाऊंना सत्यनारायणाला बोलवा, पण त्यांचं लक्ष पोथीकडे असेल असं समजू नका. आरतीपर्यंत ते तुमच्या खिडक्या मोजून मोकळे होतील," असे आमच्या नाशिकच्या सिडकोतल्या गल्लीत म्हणत.

ते खोटे नव्हते. नाथा लहामगे एसी बसवणाऱ्या एका कंपनीत होते. कोणत्या इमारतीला किती टनांची यंत्रे लागतील, हे त्यांनी ठरवायचे. पश्चिमेची भिंत, वर पत्रा की स्लॅब, आत माणसे किती. आमच्याकडे चहाला आले तरी कप हातात घेऊन घरभर फिरत.

मोजल्याशिवाय हे चैन न पडणे त्यांना घोटीत, त्यांच्या गावी जडले. १९९८ साली तिथल्या नव्या मंगल कार्यालयाचा अंदाज त्यांनी काढला. मालकाने चारशे खुर्च्या सांगितल्या. यांनी चारशे माणसे धरून चाळीस टन लिहिले. जूनअखेरच्या पहिल्याच लग्नाला नऊशे माणसे आली. बाहेर भाताच्या रोपांचे दिवस, हवा ओलीचिंब. अशा हवेत यंत्राला आधी ओलावा काढावा लागतो, गारवा त्यानंतर. त्यात नऊशे जणांचा घाम आणि श्वास. मंगलाष्टके संपेपर्यंत वरच्या जाळ्यांतून पाणी टपकून अंतरपाट भिजला आणि नवरीची आई घुसमटून खाली बसली.

पंगतीत त्यांच्या कुसामावशीने सर्वांदेखत विचारले, "नाथा, थंडी बसवली का भात शिजाया ठिवला रं? चूलबंद आवतण व्हतं. घरात चूल पेटणार नाय, मंग माणसं काय उपाशी बसतील? तू घोटीचाच ना?"

चूलबंद आवतण म्हणजे अख्खे घर जेवायला, हे त्यांना लहानपणापासून ठाऊक होते. पण कंपनीचा छापील तक्ता खुर्च्या विचारत होता, म्हणून त्यांनी खुर्च्या लिहिल्या.

२००४ साली त्यांनी नोकरी सोडून स्वतःचे काम सुरू केले. सहा महिने रिकामे गेल्यावर गंगापूर रोडच्या एका मंगल कार्यालयाचे काम चालून आले. ते हातचे गेले, तर पुन्हा जुन्या साहेबांच्या दारात उभे राहावे लागणार होते. त्या दिवशी मी सोबत होतो. नाथाभाऊंनी हॉलला दोनदा फेरी मारली, स्वयंपाकघराचे दार उघडून-मिटून पाहिले आणि नऊशे माणसे धरून नव्वद टन लिहिले.

मालक हसले. "अहो लहामगे, खुर्च्या पाचशे आहेत. ही नऊशे माणसं कुठून आणलीत?"

"लग्नं कुणाची होणार इथे?"

"आपल्याच लोकांची. गावाकडची."

"मग आवतण चूलबंद असणार."

"ते माझं मी बघेन. दुसरा एक जण पन्नास टनांत करून देतोय. तुम्ही पाचशे लिहा, काम आत्ता तुमचं. विश्वास नसेल तर खुर्च्या मोजून घ्या."

नाथाभाऊंनी टेप गुंडाळून पिशवीत टाकली.

"खुर्च्यांना घाम येत नाही, शेठ."